मी मागं उभी होते

माझा धाकटा भाऊ गेला त्याला दहा महिने झाले होते. वर्षश्राद्ध व्हायचं होतं, म्हणून कळंबला माहेरी टीव्ही बंद, गोडधोड बंद, लग्नकार्याला जाणं बंद. अशात आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, बावड्याला माझ्या सासरी फोन आला. "बारामतीत त्या पोरांचं गाणं हाय. तू चल माझ्यासंगं." मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. दुखवट्याच्या वर्षात गाणं ऐकायला निघालेला माणूस आमच्या भावकीत आजवर कुणी पाहिला नव्हता.

ती पोरं म्हणजे भावाचा बँड. बारामतीला कॉलेजात असताना पाच जणांनी जमवलेला. अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतली गाणी वाजवायचे, कंट्री आणि सदर्न रॉक. भावाकडं गिटार होती. ही गाणी शेतकऱ्यांचीच असतात, शेताची, ट्रकची, घर सोडून गेलेल्यांची, असं त्यानं एकदा जेवताना आबांना समजावलं होतं. आबा म्हणाले, "शेत हितं हाय, ट्रक हितं हाय. मग इंग्रजीत कशाला रडायचं?" मला हसून हसून ठसका लागला. भाऊही हसला, पण त्या दिवशी पानावरून लवकर उठला. आबा त्याचं वाजवणं ऐकायला कधीच गेले नाहीत. काकडीचा तोडा, उसाचं पाणी, सोसायटीची मीटिंग, कारणांना काय तोटा.

मी मात्र गेले होते, असं घरचे समजत होते. गेल्या जानेवारीत इंदापूरच्या एका कॉलेजात स्नेहसंमेलनाला त्यांचा कार्यक्रम होता. बावड्याहून इंदापूर काय लांब? भावानं तीनदा फोन केला. त्या दिवशी ढोबळी मिरचीचा तोडा होता, असं मी स्वतःला सांगितलं. तोडा चारलाच उरकला, कार्यक्रम सहाला होता. खरं म्हणजे कंटाळा आला. त्या पोरापोरींच्या गर्दीत साडी सावरत कुठं उभं राहायचं, असंही वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला आणि तोंडातून निघून गेलं, "आले होते रे. मागं उभी होते. झकास वाजवलंस." तो म्हणाला, "दिसलीस की तू मला, अक्का."

सुटले बाई, म्हणून मी खूश. यानं दुसऱ्याच कुणा बाईला पाहिलं असणार, असं धरून चालले. पुढच्या महिन्यात बारामती रस्त्यावर अंधारात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर त्याची मोटरसायकल गेली. खरं सांगायला वेळच मिळाला नाही, असं म्हणायचीही सोय नाही. चांगला महिना होता हातात.

तर बारामतीचा कार्यक्रम. मोकळं मैदान, ऊन उतरलेलं, खुर्च्या मांडलेल्या. आबांनी देवळात काढावी तशी चप्पल काढून खुर्चीखाली ठेवली आणि कापडी पिशवी मांडीवर घेतली. स्टेजवर पाचही जणांच्या डोक्यावर रुंद काठाच्या हॅट. पाचवा नवा होता, भावाच्या जागी उभा होता. बोटात काचेची नळी घालून तो गिटारच्या तारांवरून सरकवायचा आणि त्यातून लांबलचक सूर निघायचा. ड्रम सुरू झाले की खुर्च्या हादरायच्या. पोरं शिट्ट्या मारत होती, नाचत होती. मला त्या सगळ्यांचा राग येत होता.

आबा माझ्याकडं वाकले. "आपला असाच वाजवायचा का?"

"व्हय."

"ह्यो बरा का आपला बरा? तू ऐकलंयस."

"आपलाच बरा, आबा."

त्यांनी मान हलवली. एवढं बोलणं जमलं म्हटल्यावर मी पुढं रेटलं. तो डोळे मिटून वाजवायचा, पाय असा आपटायचा, काय काय. आबा एकेक शब्द ऐकत होते. मला थांबताच येईना.

आणि मग भर गाण्यात आबा उठले, अनवाणी, पिशवी घेऊन, थेट स्टेजच्या पायऱ्यांकडं. एका कार्यकर्त्यानं त्यांचा दंड धरला. मी धावले. पण गाणाऱ्या पोरानं त्यांना ओळखलं आणि हात वर करून गाणं थांबवलं. आबांनी पिशवीतून पांढऱ्या टोप्या काढल्या, कडक, नव्या, पाच.

आमच्याकडं माणूस गेला की दहाव्याला सोयरे घरच्या पुरुषांच्या डोक्यावर नवी टोपी घालतात. ती डोक्यावर आली की माणूस परत कामाधंद्याला लागायला मोकळा. भावाच्या दहाव्याला नीरेकाठी ही चार पोरं लांब लिंबाखाली उभी होती. ना सोयरी, ना भावकी. त्यांच्या डोक्यावर टोपी कोण घालणार? आबांनी ते ध्यानात ठेवलं होतं, मला पत्ताही नव्हता. एकेकानं हॅट काढली, मान वाकवली. आबा टोपी घालायचे आणि म्हणायचे, "मोकळं व्हा." नवा पोरगा मागं सरकला, तर म्हणाले, "त्याच्या जागेवर उभा हायस, ये." खालच्या लोकांना वाटलं सत्कार चाललाय. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पायरीवर उभी राहून भोकाड पसरलं, लाजबीज काही वाटली नाही.

कार्यक्रम संपल्यावर गाणारा पोरगा खाली आला. आबांच्या पाया पडला, मग माझ्याकडं वळला. "ताई, शेवटी आलात तुम्ही. बरं वाटलं. तो दर कार्यक्रमाला पहिल्या रांगेत दोन खुर्च्या धरून ठेवायचा, आबा आणि अक्का येतील म्हणायचा. इंदापूरला तर तुम्ही जवळ राहता म्हणून आम्हाला सुरूच करू देईना. छोटासा हॉल, दारापर्यंत जाऊन एकेक चेहरा बघून आला. नंतर म्हणाला, अडकली असेल काहीतरी कामात." त्या पोराच्या मनात काही नव्हतं. आबा शेजारीच उभे होते.

दिसलीस की तू मला. त्याला तेव्हाच सगळं माहीत होतं. मला खोटं पडायला लागू नये म्हणून तो माझ्यासाठी खोटं बोलला होता, आणि मी ते मिठाईसारखं खाऊन बसले होते.

परतीच्या एसटीत आबा खिडकीशी बसले. सणसर गाव मागं पडलं. मग बाहेर बघतच म्हणाले, "तू गेली नव्हतीस."

"न्हाय."

ते ओरडतील म्हणून मी वाट बघत होते. ओरडले असते तर फार बरं झालं असतं.

"मला त्यानं सांगितलं हुतं," आबा म्हणाले, "अक्का आलती, शेवटपर्यंत थांबली. लई खुशीत सांगितलं. म्हटलं, घरातलं एक माणूस तरी हाय त्याच्या म्होरं. म्हणून पुढच्या कार्यक्रमाला मी बसलो घरी."