चार तांबे पाणी

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. माझ्या योगगुरूंना जाऊन पुष्कळ वर्षं झाली, तरी मी बोलणार आहे. त्यांनी माझं पोट बरं केलं हे खरं, आणि त्यांचं नाव निघालं की माझं डोकं उठतं हेही तितकंच खरं. अर्थात त्यांच्याइतकाच राग मला माझाही येतो.

मी तेव्हा जामखेडकडच्या एका गावात प्राथमिक शाळेत मास्तर होतो. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि आम्लपित्ताला आठ. भाकरी खाल्ली की छातीत जाळ उठायचा. वर्गात पाढे म्हणून घेताना मी टेबलाची कड धरून उभा राहायचो. पुस्तकात बघून थोडीफार आसनं करत होतो, पण गुण येत नव्हता. मग कुणीतरी नगरच्या गुरूंचं नाव सांगितलं आणि बहात्तर सालची उन्हाळ्याची सुट्टी मी तिकडे घालवली.

गुरू म्हणजे कोर्टातले निवृत्त कारकून. आवाज मात्र न्यायाधीशाचा. पहाटे चारला वर्ग, सतरंजीवर आम्ही अकराजण, आणि त्यांच्या हातात वेताची छडी. माझ्या कमरेवर छडी टेकवून ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "ही कंबर नांगराची आहे, योगाची नाही." लोक हसायचे, मीही हसायचो. तिथून उठून यायला हवं होतं. पण मला बरं व्हायचं होतं आणि त्यांनी पाठीवर थाप मारावी असंही वाटायचं. माणूस लाचार झाला की त्याला अपमानसुद्धा शिकवणी वाटते.

त्यांची खरी विद्या होती वमन. पहाटे उकिडवं बसायचं, कोमट मिठाचं पाणी चार तांबे, डोळे मिटून, एका दमात गळ्यापर्यंत प्यायचं आणि जिभेच्या मुळाशी दोन बोटं घालून सगळं बाहेर काढायचं. "पोट म्हणजे घरातली मोरी," ते म्हणायचे. "मोरी धुतल्याशिवाय देवपूजा नाही. चार म्हणजे चार. दिवाळीपर्यंत एक दिवस जरी खंड पडला, तरी माझ्याकडे येऊ नका." दिवाळीच्या सुट्टीत ते परीक्षा घेणार होते. जो उतरेल त्याला शिकवायची परवानगी मिळणार होती.

आणि मला गुण आला. तिसऱ्या आठवड्यात मी पिठलं-भाकरी खाल्ली आणि जाळ उठला नाही. त्या दिवशी मी रडलो. गुरूंनी उडी मार म्हटलं असतं तर मारली असती.

नगरला नळ होता. आमच्या गावात विहीर होती, आणि त्या साली पाऊस आलाच नाही. श्रावणात विहिरीचा तळ दिसायला लागला. बायका आत उतरून झऱ्यापाशी वाटीवाटीनं पाणी भरायच्या. माझी बायको अंधारात जायची ती दोन घागरी घेऊन उजाडल्यावर यायची. त्यातले चार तांबे ती रात्रीच काढून ठेवायची, पहाटे चुलीवर कोमट करून माझ्यापुढे ठेवायची आणि मगच विहिरीकडे जायची. मी ते परसातल्या लिंबाच्या बुडाशी ओकायचो. अंघोळ मी सोडली होती, म्हणजे हे पाणी माझ्या वाट्याचंच, असा माझा हिशेब होता. शेजारची शेळी येऊन ती ओली माती चाटायची.

त्या शेळीच्या मागे एका पहाटे शेजारच्या मावशी आल्या. एकट्या बाई, दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. त्या कुडाशी उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "मास्तर, राग मानू नका. वकायच्या आदी त्यातलं तांब्याभर मला द्याल का? इहिरीवर थांबले तर खडीवरची हजरी जाती. मीठ असलं तरी चालंल. भाकरीचं पीठ मळीन मी."

मी बोटं तोंडापाशी नेली होती. मला भयंकर राग आला, साधनेत विघ्न आणलं म्हणून. मी म्हणालो, "मावशी, हे औषध आहे. औषध वाटत नसतात."

"व्हय," त्या म्हणाल्या, "औषदच हाय," आणि शेळीचं दावं धरून निघून गेल्या. बायको दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं आणि मला न अडवता घागरी उचलून ती विहिरीकडे निघाली. मला बरं वाटलं.

त्यानंतर वमन सोपं जायला लागलं. पूर्वी चौथा तांब्या घशाशी अडायचा, आता सहज उतरायचा. साधना पिकली म्हणून मी स्वतःवरच खूश झालो.

दिवाळीत नगरला गेलो. गुरूंनी सगळ्यांसमोर विचारलं, "खंड?"

"नाही."

"किती तांबे?"

"चार."

"बघा," ते म्हणाले, "दुष्काळातून आलाय हा. याला म्हणतात निष्ठा." आणि त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी एस.टी.त परत येताना ती पाठ टेकवलीसुद्धा नाही.

घरी पोचलो तेव्हा तिन्हीसांजा झाल्या होत्या. त्याच फुशारकीत पेढा द्यायला मावशींकडे गेलो. त्या परातीत पीठ घेऊन बसल्या होत्या. शेजारी आमचा तांब्या, लग्नात आलेला, मोठा, सासऱ्यांचं नाव घातलेला.

"हा आमचा तांब्या आहे," मी म्हणालो.

"व्हय, तुमचाच हाय."

पुढे काही ऐकून घ्यायला मी थांबलो नाही. चोरी रंगेहाथ पकडल्यासारखा तांब्या उचलला. त्यात अर्धंअधिक पाणी होतं. ते लिंबापाशी ओतलं, रोज ओकायचो तिथेच, आणि रिकामा तांब्या बायकोपुढे आपटला.

ती भाकरी थापत होती. तिनं आधी तांब्यात वाकून बघितलं. "ह्यातलं पानी?"

"ओतलं."

तिनं हात परातीत पुसले. "तुमी त्येंला न्हाई म्हनलात, त्याच्या दुसऱ्या दिसापासनं हा तांब्या त्येंच्याकडं हाय. रोज पहाटं भरून देती मी. तुमाला धाकला तांब्या. निम्म्यात बी तुमचं पोट नीट ऱ्हायलं का न्हाई? मोजायला तुमी लई पक्के. चार म्हंजी चार. तांब्याकडं मातर एक डाव बगितलं न्हाई."

मी चिडून म्हणालो की मला फसवलंस. "व्हय," ती म्हणाली, "फसवलं," आणि तव्यावरची भाकरी उलटली.

मी आजही आसनं करतो. वमन कधीच सोडलं. गुरूंनी दिलेली परवानगी मी वापरली नाही. कुणाला काय शिकवणार होतो?

पण त्या संध्याकाळी एक काम करावं लागलं. घागरीच्या तळातलं पाणी तांब्यात घेऊन मी पुन्हा शेजारी गेलो. मावशी तशाच परातीपुढे बसल्या होत्या. अर्धवट कालवलेलं पीठ त्यांच्या बोटांवर वाळलं होतं. माफी मागायची ठरवून गेलो होतो, पण नुसता तांब्याच पुढे केला.

"ठेवा तितं," त्या म्हणाल्या. आणि मी वळल्यावर, "आता ह्यातलं वापरू न्हवं, मास्तर? का हे बी औषद हाय?"