दोन बोटांची परवानगी

व्हर्लीन रोबिशो न्यू ऑर्लिन्सच्या एका इस्पितळाच्या धुलाईखात्यात सोळा वर्षं राबत होती. नव्या माणसाला पहिले सहा महिने मोठ्या यंत्रापाशी एकटं सोडायचं नाही, हा तिथला नियम तिनंच घातलेला. चादरींसाठी एवढी काळजी! आणि तिची लेक डेलिया? दुसरीचं वर्ष निम्मं सरलं नव्हतं, तोवर तिसऱ्या मास्तरणीच्या हवाली झाली होती. पहिल्या दोघी कंटाळून निघून गेल्या होत्या.

त्यातून ही चार्टर शाळा, म्हणजे सरकारी पैशावर खासगी संस्थेनं चालवलेली, निवडली होती व्हर्लीननंच. शाळा बघायला गेली तेव्हा पोरं जमिनीवर आखलेल्या रेषेवरून, आवाज फुटू नये म्हणून गालांत हवा भरून, चिडीचूप चालली होती. 'काय शिस्त आहे!' म्हणून ती भाळली. आता ते आठवलं की तिला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटे.

शाळेनं घरी खुणांचा कागद धाडला होता, सराव करून घ्या म्हणून. तीन बोटं म्हणजे पाणी. दोन बोटं एकमेकांवर चढवून घातलेली अढी म्हणजे बाथरूम. रोज संध्याकाळी मायलेकी खुणा घोकत.

सोमवारी लाल घेवडा आणि भात खाताना डेलियानं तीन बोटं वर केली आणि तशीच बसून राहिली.

"बघ, काय वळण लागलंय!" लायनेल खूश झाला. हा तिचा नवरा, गिलावा करणारा गवंडी.

"वळण? अरे, स्वतःच्या घरात पाणी मागायला हात वर करते पोरगी! पूर्वी हिची टकळी थांबवताना माझ्या नाकी नऊ यायचे."

"मग बरंच झालं की. तू म्हणतेस त्या माझ्या जुन्या शाळेत ऑगस्टीन बाईंचा वर्ग पाहून आलो ना मी. नुसता मासळीबाजार!"

"त्याच बाजारात तू वाचायला शिकलास, विसरलास?"

"तेव्हा बाई तरुण होत्या गं."

"आता एकतीस वर्षं शिकवतायत! तुझ्या हाताखाली कालचा पोऱ्या आला तर भिंत देशील त्याच्या ताब्यात?"

"तिथं जायला दोन बस बदलाव्या लागतील," लायनेल पुटपुटला. पुढच्या वर्षी कुठली शाळा हवी, तो फॉर्म शुक्रवारपर्यंत भरायचा होता. बुधवारच्या पालकसभेत काय ते विचारू आणि मग ठरवू, एवढ्यावर भांडण थांबलं.

बुधवारी आईबाप पोरांच्या बुटक्या खुर्च्यांत गुडघे हनुवटीला लावून बसले. डेलियाची मास्तरीण मिस किर्बी फळ्यावरचे तक्ते दाखवत होती. शांततेला किती गुण, रांगेला किती गुण, सगळं रंगीत. व्हर्लीनच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. अरे, शिकवता काय ते सांगा! तिनं तावातावानं हात वर केला.

मिस किर्बीनं बोलणं न थांबवता तिच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि दाराकडे बोट केलं.

आणि व्हर्लीन उठली. दारापर्यंत गेली. कडीला हात घातला तेव्हा तिला दिसलं, आपल्या दुसऱ्या हाताच्या दोन बोटांची अजून अढीच आहे.

मागं कुणीतरी खुदकन हसलं. ती गर्रकन वळली. "मला कुठं जायचं नाहीये! मला विचारायचंय. तुम्ही किती वर्षं शिकवताय?"

"दोन," मिस किर्बी अभिमानानं म्हणाली. "या मजल्यावर मीच सगळ्यांत जुनी!"

"आणि पुढच्या वर्षी?"

मिस किर्बी गोरीमोरी झाली. "पुढच्या वर्षी मी वकिली शिकायला चाललेय, मॅडम."

चोवीस वर्षांची असेल, डोळ्यांखाली काळं आलेलं. तिच्यावर धड चिडताही येईना, म्हणून व्हर्लीन आणखीच वैतागली.

घरी जाताना लायनेल म्हणाला, "तुला खरंच जायचं होतं का?"

"नाही रे."

"मग उठलीस कशाला?"

पोरीबरोबर आपल्यालाही वळण लागलं, या विचारानं व्हर्लीनला रडू यायला लागलं.

जेवताना डेलियाची तीन बोटं पुन्हा वर गेली. फॉर्म तिथंच टेबलावर कोरा पडला होता.

"अगं, ऊठ आणि घे की, बेबी," लायनेल म्हणाला. "घर तुझंच आहे."

डेलिया जागची हलली नाही. बोटं तशीच ताठ.

"डॅडी," ती अगदी हळू कुजबुजली, "आधी मान हलव ना."

लायनेलनं फॉर्म पुढं ओढून व्हर्लीनसमोर हात पसरला.

"पेन दे," तो म्हणाला.