शेवटच्या फोटोनंतरचा स्वल्पविराम

मालवणात इंटरनेट आलं तेव्हा आमच्या वाडीत वेबसाइट बनवता येणारी मी एकटीच होते. मुंबईला मावशीकडे राहून वर्षभराचा कोर्स केला होता. ‘पोरगी कॉम्प्युटरवर नुसती बसान ऱ्हवता,’ एवढीच माझी ख्याती. म्हणून काकांनी, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाने, मला बोलावलं तेव्हा मी हरखून गेले.

वाडीतल्या आठ घरांनी पर्यटक ठेवायला सुरुवात केली होती. त्यांची एक वेबसाइट हवी होती. ती ओरोसला जिल्हा कचेरीतल्या साहेबांना पसंत पडली, तर वाडीचं नाव सरकारी यादीत जाणार होतं. मी तीन महिने खपले. वर फोटो एकामागून एक आपोआप बदलत: किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणारे लोक, माडांची रांग, चुलीपुढे बांगडे तळणारी काकू. डावीकडे घरांची यादी, उजवीकडे माहिती. माझ्या कॉम्प्युटरवर ते इतकं देखणं दिसायचं की मी आईला पुन्हा पुन्हा दाखवत असे.

ओरोसला काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. साहेबांनी त्यांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर साइट उघडली. तिथला ब्राउझर जुना होता. सगळे फोटो एकाखाली एक लटकले, एकही हलेना. उजवीकडची माहिती घसरून पार तळाला गेली.

“हे काय आहे?” साहेबांनी विचारलं.

“साहेब, माझ्याकडे बरोबर दिसतं,” मी म्हणाले.

“मग पर्यटकांना तुमच्या घरी पाठवायचं का?”

शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले. त्यांच्याबरोबर काकाही हसले. ते मला जास्त लागलं.

परतीच्या एसटीत काकांनी दोघांची तिकिटं काढली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, “तुका जमणा नाय तर आदीच सांगूचा. माजी अब्रू कित्याक घालवलंस?”

दुसऱ्या दिवसापासून मी बाजारातल्या सायबर कॅफेत जायला लागले. तिथे तोच जुना ब्राउझर होता. खाली घसरलेली माहिती दोन दिवसांत जागेवर आली. तो ब्राउझर कडेची मोकळी जागा दुप्पट धरत होता, म्हणून रकाना मावत नव्हता. फोटो मात्र हलेनात. एकेक ओळ काढायची, बघायचं, परत घालायची. नवव्या दिवशी सापडलं: फोटोंच्या यादीत शेवटच्या नावापुढे मी एक स्वल्पविराम ठेवला होता. नवा ब्राउझर त्याकडे काणाडोळा करी, जुना तिथेच अडून बसे. तो पुसला आणि काकूचे बांगडे सरकन पुढे आले. मी कॅफेतच मोठ्याने हसले.

साइट सीडीवर उतरवून धावतच काकांकडे गेले. “काका, झाला! आता सगळीकडे चलता.”

काका सुपारी कातरत होते. “बरा झाला. ती सीडी हयच ठेव. मी जावयाक दिलंय ता काम. तो मुंबयत ह्याच करता.”

मी सीडी ठेवली. का ठेवली, ते आजही मला सांगता येत नाही.

साइट सुरू झाली त्या दिवशी साहेब वाडीत आले. मांडवात मी कोकम सरबताचा ट्रे फिरवत होते. पडद्यावर माझे फोटो, माझे रंग, आणि तळाला ‘निर्मिती’ म्हणून जावयाचं नाव. काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मी ट्रे खाली ठेवून त्यांच्याजवळ गेले. “काका, ह्या माजा काम आसा.”

“गो, घरातलाच आसा मा. तुजा काय आणि तेचा काय?” ते म्हणाले, आणि साहेबांना खुर्ची द्यायला वळले.

दोन वर्षांनी ब्राउझरची नवी आवृत्ती आली आणि फोटो पुन्हा अडकले. जावई फोन उचलत नव्हता. काकांनी मला निरोप धाडला. “जावयाक इचारा,” मी उलट निरोप दिला. मग काकू स्वतः आली. पायरीवर बसली, पाणी प्याली, साइटचा विषयच काढला नाही. जाताना एवढंच म्हणाली, “औंदा पावणे कमी इले गो.”

तरी मी हात लावला नाही. पश्चात्ताप होतो असं लिहायला हवं, पण होत नाही. काकूचं तेवढं वाईट वाटतं.