हवालदारांचं लांब वाक्य

“सर. ट्रक केम. पेपर नो. ट्रक स्टॉप. ट्रक बॅक. ओव्हर.”

एवढं बोलून माने हवालदारांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. मला वाटलं, अजून काही येईल. काही आलं नाही.

सांगलीच्या विश्रामबागेत घराच्या पुढच्या खोलीत मी इंग्रजी बोलायला शिकवते. मी स्वतः कॉलेजची पायरी चढले नाही बरं का. रेडिओवरच्या इंग्रजी बातम्या ऐकत, चुकत, लोकांचं हसणं सोसत शिकले. त्यामुळे माणूस बोलताना कुठं अडतो ते मला बरोबर कळतं, असा माझा समज होता. हवालदारांनी तो मोडला.

फौजेतून रिटायर होऊन ते इस्लामपूरजवळ आपल्या गावी आले होते. तिथल्या एका फॅक्टरीत सिक्युरिटी सुपरवायझर पाहिजे होता. काम असं, की गेटवर काय घडलं त्याचा रिपोर्ट रोज हेड ऑफिसला फोनवर द्यायचा, आणि तिकडच्या साहेबांना मराठी येत नाही. पहिल्या इंटरव्ह्यूत हवालदार असेच तुटक बोलले. साहेब म्हणाले, “माणूस चांगला आहे. पण काय झालं तेवढंच कळतं, का झालं ते कळत नाही. बोलणं सुधारून पुढच्या सोमवारी परत या.” नाही जमलं तर पुण्यातली नोकरी तयार होती. म्हणजे सगळी उमर घराबाहेर काढून पुन्हा पेटी भरायची.

मी फळ्यावर लिहून दिलं. क्लॉज म्हणजे मोठ्या वाक्यातलं छोटं वाक्य. ‘भूक लागली’ हे एक, ‘जेवलो’ हे दुसरं. मधे ‘म्हणून’ घातलं की दोघांची सोयरीक जुळते. इंग्रजीत त्यासाठी बिकॉज, व्हेन, सो, आल्दो. हवालदारांनी सगळं परेडसारखं पाठ केलं. सरावाला फौजेतल्या गेटवरचा एक प्रसंग घेतला होता, पण बोलायला लागले, की पुन्हा ट्रक केम, ट्रक बॅक.

“अहो, जोडा की.”

“मॅडम, वायरलेसवर लांब बोललं की वरनं शिव्या बसायच्या. जीभच तशी झालीया.”

शुक्रवारी त्यांची बायको शालनताई सोबत आल्या. सांगलीत गुडघा दाखवायचा होता. मी चहा ठेवते तोवर त्यांनी माझी मेथी निवडायला घेतली. हवालदारांनी ट्रक सुरू केला. शालनताईंना इंग्रजी येत नाही, पण ट्रक, पेपर, बॅक एवढं कळलं.

“ट्रक माघारी का लावला वं?”

“कागद न्हवतं म्हणून.”

“मग डायवर गप गेला?”

“गप कशाचा जातोय. लय भांडला, तरी मी गेट उघडलं न्हाई.”

चहा उतू गेला. फळ्यावर आठवडाभर लिहून जे आलं नाही, ते ‘म्हणून’ आणि ‘तरी’ या बाईनं मेथी निवडता निवडता काढलं होतं.

“हवालदार, आता हेच इंग्रजीत. माझ्याकडं नको, यांच्याकडं बघून सांगा.”

“बिकॉज... देअर वॉज नो पेपर, आय सेंट द ट्रक बॅक.” ते थांबले. ओव्हर म्हणणारच होते. शालनताईंनी मेथीची काडी रोखली. “मग?”

“आल्दो द ड्रायव्हर फॉट, आय डिड नॉट ओपन द गेट.”

मी अर्थ सांगितला. शालनताई म्हणाल्या, “घरात बी असं बोलत जावा की. सुट्टीवर आलं की मी इचारायची, कसं हाय तिकडं? तर म्हणायचं, थंड हाय. झालं. सारी नोकरी मी तेवढ्यावर काढली, बाई.”

हवालदारांनी मेथीची जुडी आपल्याकडं ओढली आणि तेही निवडायला लागले.

शनिवार-रविवार दोघंही आली. मी फळा पुसून टाकला. शालनताईंनी मराठीत विचारायचं, हवालदारांनी इंग्रजीत सांगायचं, चुका मी मागनं काढायच्या.

मंगळवारी दोघं गूळ घेऊन आली. सोमवारी इंटरव्ह्यूत साहेबांनी विचारलं होतं, पुण्यात पगार जास्त, मग इथंच का? मागच्या वेळी याला उत्तर होतं, ‘होम नियर, सर.’

“अन् या वेळी?”

हवालदार उभे राहिले आणि म्हणाले, “व्हेन माय चिल्ड्रन वेअर स्मॉल, आय वॉज ऑन द बॉर्डर, सो नाऊ आय वॉन्ट टू वर्क व्हेअर माय वाइफ इज.”

“मग काय म्हणाले साहेब?”

“ओके म्हणाले. नाईट ड्यूटी दिली.”

“एवढं लांबडं बोलून रातपाळी,” शालनताई गुळाची पुडी सोडत म्हणाल्या. “आता दिवसभर घोरणार. घोरू द्या. घरात घोरत्याल.”

आता नवा विद्यार्थी आला की मी फळ्याकडं जात नाही. घरात जास्त प्रश्न कोण विचारतं ते विचारते, आणि सांगते, उद्या येताना त्यांना घेऊन या.