बाटलीचे दोन आणे

आक्का गेली त्याला महिना उलटला. तिच्या सासरची गंगापूरची मंडळी परतण्याआधीच, तेराव्याचीही वाट न पाहता, दवाखान्याचा माणूस बिल घेऊन दारात उभा राहिला होता. उर्दूत एकच ओळ : ‘औषधोपचार’, आणि खाली रक्कम. ज्याची हयात निजामाच्या अदालतीत वकिली करण्यात गेली, त्या माझ्यापुढे एका ओळीचा दावा ठेवण्याचे धाडस औरंगाबादेत केवळ डॉक्टरच करू शकतो!

आक्का माझी थोरली बहीण. उपचारासाठी माझ्याकडे राहायला आली तेव्हा पहिलेच बिल मी वाचून दाखवले, तर तिने अंथरुणातूनच विचारले, “रुपये हाली का कळदार?” आमच्या संस्थानचा हाली रुपया इंग्रजी कळदाराहून हलका, बिलात नाणे लिहायचे नाही आणि वसूल कळदार करायचे, ही लबाडी तिला पुरती ठाऊक होती. बिल घेऊन आलेले कंपाउंडर रहीममियाँ हसले. “अम्मा, तुम दवा पीलेव. हिसाब वकीलसाब देखते.”

“दवा मी पिते, तर हिशोब बी मीच बघते. वकीलसाहेब नुसते लई बोलतेत!”

औषधाच्या प्रत्येक बाटलीमागे दोन आणे अनामत असे. रिकामी बाटली परत केली की ते वजा व्हायचे. वजा केले का, हे ती दर खेपेस विचारी. मी एकदा वैतागून म्हणालो, “आक्का, दोन आण्यांसाठी तापात कशाला बोलतेस?”

“तू देशील रे. दवाखान्यात तुझ्यामागं शेंद्र्यासारख्या खेड्यातली एखादी गरीब बाई उभी असंल, तिनं काय करावं?” मग म्हणाली, “माझ्या नावावर खोटं देणं ठिवू नको. आन् खरं बुडवू बी नको.”

तेच तिचे अखेरचे सांगणे ठरले. म्हणून मी डॉक्टरसाहेबांना लिहिले : कोणती भेट, कोणते औषध, कोणते नाणे, ते कलमवार कळवावे. उत्तर आले, ‘मयताच्या घरून असा हिशोब मागणे शोभत नाही.’ शोभत नाही! मोघम बिल पाठवणे शोभते, ते विचारणे तेवढे अशोभनीय! तिसऱ्या पत्रात अदालतीचा उल्लेख केला, तेव्हा कुठे तपशील आला. त्यात आक्काला आम्ही स्मशानात नेले त्या दिवसाचीही एक भेट लावलेली. डॉक्टरसाहेब तेथे कोणाला दिसले नव्हते.

ती भेट खोडली गेली. रकमेपुढे ‘हाली’ लिहिले गेले. परत केलेल्या बाटल्यांचे आणे वजा झाले. संकोचापोटी निमूटपणे पैसे मोजणाऱ्या आपल्या सुशिक्षितांनी एवढे तरी विचारावे, इतकेच माझे म्हणणे आहे.

पावती लिहिता लिहिता रहीममियाँ थांबले. “एक शीशी बाकी है, वकीलसाब. खाली करके लाए तो दो आने कम होते.”

ती बाटली आक्काच्या खोलीतल्या कोनाड्यात आहे. मात्रेच्या खुणांची कागदी पट्टी अजून चिकटलेली... दोन खुणांएवढे औषध उरलेले. ओतून दिल्याखेरीज ती परत करता येत नाही.

“दोन आणे राहू द्या,” मी म्हणालो. “फक्त पावतीवर हाली लिहा.”