आबांचे दात आणि आबांचं आयुष्य

आबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, खालचे तीन दात एका वर्षात पडले, तेव्हा मी त्यांना जळगावला एका दंतवैद्याकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं. कवळी सगळ्यांत स्वस्त, पण पाचेक वर्षांनी बदलावी लागते. ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधारानं बसवलेले दात, त्याहून महाग, दहा-बारा वर्षं टिकतो. इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात, सगळ्यांत महाग. पण सांभाळला तर जन्मभर.

"जन्मभर म्हणजे नेमकं किती?" आबांनी विचारलं.

बाई हसल्या. आबा हसले नाहीत. त्यांची सगळी नोकरी धुळ्याच्या बस डेपोत, टायर विभागात गेली होती. नवा टायर घ्यायचा की जुना रिमोल्ड करायचा, हे ते किलोमीटरमागे खर्च काढून ठरवत. दातांचा खर्च वर्षामागे काढायचा, एवढाच फरक. पण आपण अजून किती वर्षं चालणार, हे त्यांना माहीत नव्हतं.

घरी येऊन त्यांनी तक्ता केला. ते अठ्ठ्याहत्तरचे होते. त्र्याऐंशीपर्यंत जगले तर कवळी परवडत होती, नव्वदीपर्यंत ब्रिज, त्यापुढे इम्प्लांट. जेवताना त्यांनी माझ्या बायकोचं मत विचारलं. तिला तक्त्याचं काहीच माहीत नव्हतं. ती सहज म्हणाली, कवळीच बरी, त्रास कमी. आबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. जामनेरच्या धाकट्या भावाला मी आधीच सावध केलं. त्यानं फोनवर इम्प्लांटशिवाय दुसरं नाव काढलं नाही.

मग मला घेऊन ते शिंदखेड्याला थोरल्या बहिणीकडे गेले. तिला सगळे अक्का म्हणतात. घराण्यात कोण किती वर्षं जगलं, ते आबांनी तिला विचारून वहीत उतरवलं. विहिरीत पडून गेलेले चुलते अपघात म्हणून वगळले. सरासरी ब्याण्णव आली.

अक्का भाकरी दुधात कुस्करत होती. "मना तोंडमा एक बी दात नही," ती म्हणाली, "तरी भाकर बी खास, बठ्ठं खास. तुले जगानं शे का चावानं शे?"

ब्याण्णवच्या जोरावर आबा इम्प्लांटला तयार झाले. पण जळगावला एक्स-रे काढला, रक्त तपासलं, तर हाड झिजलेलं, वर रक्तातली साखर वाढलेली. स्क्रू धरणार नव्हता. शेजारचे दातही हलत होते, म्हणजे ब्रिजही गेला. उरली कवळी. मला वाटलं, आबा खचतील. त्यांनी खिशातून तक्ता काढला, ब्याण्णवपर्यंत तीन कवळ्या लागतील म्हणाले, आणि तिन्ही आजच्याच भावात एकदम करून मागितल्या.

हिरडी बदलत जाते, पुढच्या कवळीचं माप आज घेता येत नाही, असं बाईंनी सांगितलं. आबांनी तक्त्याची घडी घालून तो खिशात ठेवला.

"पाच वर्षांनी तुमचा दवाखाना इथंच राहील ना?"

राहील, बाई म्हणाल्या. तेव्हा ते खुर्चीत मागे रेलले आणि त्यांनी निवांत तोंड उघडलं. माप देऊन झाल्यावर त्यांनी पाच वर्षांनंतरची सकाळची वेळ मागितली. दुपारी ऊन फार असतं म्हणाले. बाईंनी ती खरंच लिहून ठेवली.