खालची बाग

१४ मार्च २०२४ रोजी इंदापूरच्या डॉ. रणजित घोगरे यांच्याकडून इरफान बागवानच्या खात्यावर एक लाख चौऱ्याऐंशी हजार सहाशे रुपये जमा झाले आणि त्याच दिवसापासून इरफानला भीती वाटायला लागली. पैसे दातांच्या दवाखान्यात बसवायच्या टाकीचे होते. टाकी पाच फुटी, पाणी खारं, मासे समुद्रातले.

बारामतीत इरफानचं रंगीत माशांचं दुकान होतं. गोल्डफिश, गप्पी, फार तर एखादा ऑस्कर. गोड्या पाण्यातला मासा मेला तर गिऱ्हाईक दोन दिवस हळहळतं आणि दुसरा घेऊन जातं. खाऱ्या पाण्याचा मासा मेला तर ती बातमी होते. बारामतीतल्या आणखी दोन डॉक्टरांनी त्याला सांगून ठेवलं होतं की इंदापूरची टाकी वर्षभर नीट चालली तर आम्हीही बसवू. म्हणजे ही टाकी टिकली तर धंदा एक पायरी वर जाणार होता. मोडली तर बागवानच्या हाताला खारं पाणी मानवत नाही, असं दोन्ही तालुक्यांत झालं असतं. तो रात्री झोपेतून उठून फोनमध्ये टाकीचे फोटो बघायचा. बायको साजिया म्हणायची, "मासे तुमी पाळलेत का माशांनी तुमाला पाळलंय?"

दुकानाआधी इरफान द्राक्षाच्या छाटणीवर होता. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी तो दत्तोबाच्या टोळीत शिरला आणि पुढची पंधरा वर्षं इंदापूर तालुक्यातल्या बागा त्यानं कात्रीनं कापल्या. काडी बघायची, तिच्यावरचे फुटीचे डोळे मोजायचे, किती ठेवायचे ते ठरवायचं आणि कचकन कापायचं. दत्तोबा त्याला म्हणायचा, "तुझी कात्री गाणं म्हणती रं." पुढं मांडवाखाली दिवसभर हात वर धरून मान आणि खांदे गेले. मग त्यानं दुकान टाकलं. हात मात्र बागेतलेच राहिले.

घोगरे डॉक्टरांच्या टाकीत पाच मासे होते. दोन नारिंगी क्लाऊन, दोन निळे डॅमसेल आणि एक हळदीसारखा पिवळा टँग. त्यांच्याखाली, लाकडी कपाटाच्या दाराआड, दुसरी लहान टाकी होती. वरचं पाणी पाइपातून तिच्यात उतरायचं आणि पंपानं परत वर जायचं. या खालच्या टाकीत मासे नव्हते. तिथं समुद्री शेवाळ वाढवलेलं होतं. माशांच्या विष्ठेनं पाण्यात जे साठतं ते हे शेवाळ खातं आणि वरचं पाणी निर्मळ राहतं. समुद्री मासे विकणारा पुण्याचा अविराज या टाकीला रेफ्युजियम म्हणायचा. इरफाननं तिचं नाव खालची बाग ठेवलं, कारण अविराजनं दिलेलं शेवाळ हुबेहूब द्राक्षासारखं होतं. आडवी पळणारी वेल, तिला उभे देठ आणि देठांवर हिरव्या मण्यांचे घड. दवाखाना बंद झाला की खालच्या टाकीवरचा दिवा लागायचा, तो सकाळपर्यंत जळायचा.

अविराजनं बजावलं होतं की वाढलं की काढत जा, साचू देऊ नको. कसं काढायचं ते त्यानं सांगितलं नाही आणि इरफाननं विचारलं नाही. द्राक्षाच्या माणसाला ते काय विचारायचं?

ऑक्टोबर उजाडेपर्यंत शेवाळानं खालची टाकी गच्च भरली. पंपाच्या तोंडापर्यंत वेल आली. पहिल्या तारखेला, मंगळवारी दुपारी, इरफान कात्री घेऊन कपाटासमोर मांडी घालून बसला. तालुक्यात सगळीकडे ऑक्टोबर छाटणी चालू होती आणि त्याच्या हातांना जणू ते कळत होतं. त्यानं प्रत्येक देठ दोन मण्यांवर आणला. वेलीचे तुकडे पाडून परत तळात रांगेत लावले. बादलीभर शेवाळ निघालं. सात महिन्यांत पहिल्यांदा त्या दवाखान्यात त्याला भीती वाटली नाही.

दवाखान्याची झाडलोट आणि माशांचं खाणं बघणाऱ्या मुक्ताबाई मागं उभ्या होत्या. "छाटणी झाली व्हय इरफानभाऊ? आता पेस्ट लावा डोळ्यांस्नी, म्हंजी एकसारखी फुटंल." इरफान हसला आणि म्हणाला की मावशी, माल निघाला की पहिली पेटी तुमाला.

गुरुवारी दवाखान्याला सुट्टी असे, कारण त्या दिवशी दुरुस्तीसाठी लाईट जायची. लाईट गेली की पंपासाठी इन्व्हर्टरचं बटण दाबायचं, एवढ्यासाठी मुक्ताबाई सकाळी येऊन बसत. त्या गुरुवारी साडेनऊला त्यांचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

"पाणी ताकावानी झालंय. आन् मासं वर यून तोंड हालवत्यात."

इरफानचे हात गार पडले. त्यानं अविराजला फोन लावला आणि मंगळवारी काय केलं ते सांगितलं. मग अविराज म्हणाला की ही द्राक्षाची वेल नाही. हिचं सगळं अंग मिळून एकच पेशी असते. चिमटीनं अख्खी दोरी ओढून काढायची, तीही थोडी थोडी. ठिकठिकाणी कापली की ती आतून गळते, आणि एकदम इतकी कापली की जीव जाणार असं समजून एका रात्रीत सगळं बी पाण्यात सोडते आणि मरते. ते बी कुजायला लागलं की पाण्यातला प्राणवायू संपतो.

"किती वेळ आहे?" इरफाननं विचारलं.

"मासे वर आलेत ना? मग फार नाही. नवीन पाणी आणि ऑक्सिजन घेऊन जा."

समुद्र अडीचशे किलोमीटरवर. दुकानात मीठ कालवून ठेवलेल्या पाण्याचे दोन कॅन होते, तेवढंच खारं पाणी. ते त्यानं ओम्नीत टाकले. ऑक्सिजनसाठी त्याला ज्ञानेश आठवला. निमगाव केतकीच्या अलीकडे शेततळ्यात मासे वाढवणारा ज्ञानेश मत्स्यबीज पिशव्यांत भरताना सिलिंडर वापरायचा. फोन केल्यावर तो सिलिंडर आणि जाड पिशव्या घेऊन रस्त्याला येऊन उभा राहिला. हिशोब नंतर बघू, असं तोच म्हणाला.

तिथून इंदापूरपर्यंत इरफानला रस्ता दिसत होता की नाही, हे त्यालाच सांगता आलं नसतं. ब्रेक मारला की मागं कॅन डुचमळायचे. मेलेले मासे त्यानं मनातल्या मनात दोनदा बाहेर काढून ठेवले होते. आपण येण्याआधी वरच्या मजल्यावर राहणारे डॉक्टर खाली दवाखान्यात उतरले नसले म्हणजे मिळवली, एवढंच तो घोकत होता.

डॉक्टर उतरले नव्हते. इन्व्हर्टरवर पंप चालू होता, पण दिवे बंद होते. त्या अंधुक उजेडात पाणी पांढुरकं, दाट दिसत होतं. खालच्या टाकीत हिरवं काही उरलं नव्हतं. रांगेत लावलेले सगळे तुकडे काचेसारखे रिकामे झाले होते आणि बोट लावताच विरघळत होते. एक डॅमसेल तळाला मरून आडवा पडला होता. बाकीचे चौघे पाण्याच्या कातडीला तोंड लावून होते.

त्यानं पिशव्यांत कॅनमधलं पाणी घेतलं, एकेक मासा जाळीनं उचलून आत सोडला, ऑक्सिजन भरला आणि रबर आवळले. मुक्ताबाई पिशव्या धरत होत्या. "म्या बटण टायमातच दाबलं हुतं, भाऊ," त्या पुटपुटल्या. इरफाननं मान हलवली.

तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. डॉक्टर घरच्या कपड्यांत उभे होते. त्यांनी टाकी पाहिली, पिशव्या पाहिल्या, मग मुक्ताबाईंकडे वळले.

"लाईट गेल्यामुळं झालं ना हे? इन्व्हर्टर वेळेवर लावला होता का तुम्ही?"

मुक्ताबाईंनी इरफानकडे पाहिलं नाही, हातातली पिशवी तेवढी छातीशी धरली. इरफानला दिसलं की आता आपण नुसतं गप्प बसलं की झालं. बारामतीचे दोन डॉक्टर, दुकानावरची पाटी, सगळं जागच्या जागी राहणार होतं.

"लाईटीचं नाही, डॉक्टरसाहेब," तो म्हणाला. "मंगळवारी मी खालचं शेवाळ कात्रीनं कापलं. द्राक्षासारखं. ते कापायचं नसतं, हे मला माहीत नव्हतं."

डॉक्टरांनी वाकून पिशवीतल्या पिवळ्या माशाकडे पाहिलं. मग त्यांनी एवढंच विचारलं, "हे जगतील का?"

"सांगता येत नाही," इरफान म्हणाला, आणि ते खरं होतं.

सगळं पाणी उपसून टाकायला दुपार झाली. अविराजनं पुण्याहून पाठवलेलं मीठ संध्याकाळी आलं, तोवर मासे पिशव्यांतच होते. पिवळा टँग शुक्रवारी गेला. क्लाऊनची जोडी आणि एक डॅमसेल तगले. टाकीचं काम डॉक्टरांनी काढून घेतलं नाही, पण त्यानंतर ते दर भेटीला शेजारी उभे राहून बघतात, आणि इरफानचे हात त्यांच्यासमोर अजून गार पडतात. बारामतीच्या दोघांपैकी एकानं नाही म्हणून कळवलं. दुसऱ्याचा फोन आला नाही.

निमगावच्या ज्ञानेशला ऑक्सिजनचे चारशे वीस रुपये द्यायचे राहिले आहेत.